अज्वलनशील इमारतीच्या छतातील लाकूड

अमेरिकेतील बांधकाम-व्यवहारात ज्या इमारती अज्वलनशील वर्गात मोडतात, त्यांच्या छतात लाकडाला मुळीच स्थान नसते, ही समजूत अनेक वास्तुविशारद आणि ठेकेदारांच्याही मनात पक्की बसलेली आढळते. उलट बाजूला, अग्निरोधक प्रक्रिया केलेले लाकूड जळतच नाही, असे मानणाऱ्यांची संख्याही कमी नाही. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोहोंचे मूळ एकच आहे: पदार्थ जळतो का, ज्वाला त्याच्या पृष्ठभागावर किती वेगाने पसरते, रचना आगीत किती वेळ टिकून राहते आणि बाहेरून आलेल्या आगीला छताचे आच्छादन कसे तोंड देते, हे चार स्वतंत्र प्रश्न एकच मानले जातात.

इंटरनॅशनल बिल्डिंग कोड ही २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेली आणि दर तीन वर्षांनी सुधारली जाणारी आदर्श संहिता असून, एखादे राज्य किंवा शहर ती स्वीकारते तेव्हाच तिला तेथे कायद्याचे बळ मिळते. या संहितेने बांधकामाचे पाच प्रकार मानले आहेत आणि त्यांपैकी पहिल्या दोन प्रकारांत खांब, तुळया, भिंती, मजले व छत हे घटक अज्वलनशील पदार्थांचे असावेत, असा मूळ नियम आहे. मात्र त्याच संहितेच्या ६०३ क्रमांकाच्या कलमात या दोन प्रकारांत चालू शकणाऱ्या ज्वलनशील पदार्थांची यादी दिलेली असून, तीत छताच्या तुळया, कैच्या, वासे आणि वरचे फळ्यांचे किंवा प्लायवूडचे पाटण यांसाठी अग्निरोधक प्रक्रिया केलेल्या लाकडाचा स्पष्ट उल्लेख आहे. कठड्याच्या कडेला पत्रा ठोकण्यासाठी बसवल्या जाणाऱ्या लाकडी पट्ट्यांसारख्या किरकोळ घटकांचीही अलीकडच्या आवृत्त्यांत स्वतंत्र दखल घेतलेली आहे. तेव्हा ‘अज्वलनशील बांधकाम’ ही संज्ञा इमारतीचा वर्ग सांगते. तिच्यातील प्रत्येक वस्तू न जळणारी असल्याची ग्वाही ती देत नाही.

येथे दुसरा गैरसमज डोके वर काढतो. संहितेने परवानगी दिली, त्याअर्थी हे लाकूड अज्वलनशील ठरले, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु अज्वलनशीलतेची कसोटी असलेल्या एएसटीएम ई १३६ या चाचणीत नमुना ७५० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत ठेवला जातो आणि प्रक्रिया केलेले लाकूडही तेथे उत्तीर्ण होत नाही. त्याची पात्रता ठरते ती ज्वालाप्रसाराच्या चाचणीवर. ज्या मापनात रेड ओक लाकडाचा निर्देशांक सुमारे १०० येतो, त्यात या लाकडाचा निर्देशांक २५ किंवा त्याहून कमी असावा लागतो. शिवाय नेहमीची १० मिनिटांची चाचणी आणखी २० मिनिटे लांबवल्यावरही ज्वालेची सीमा ज्वालकांच्या मध्यरेषेपासून साडेदहा फुटांपलीकडे जाता कामा नये. वरून रंग किंवा लेप लावून ही पात्रता मिळत नाही. रसायन उत्पादनाच्या वेळीच, बहुधा बंद टाकीत दाबाखाली, लाकडाच्या अंतरंगात शिरवावे लागते.

परवानगी पदार्थाला मिळाली, तरी अग्निप्रतिरोधाचा कालावधी, म्हणजे प्रमाणित आगीत रचनेने किती तास तग धरावा ही अट, आपोआप माफ होत नाही. पहिल्या दोन प्रकारांच्या उपप्रकारांपैकी छतासाठी १-ए प्रकारात दीड तास, १-बी आणि २-ए प्रकारांत एक तास, तर २-बी प्रकारात शून्य अशी ही अट आहे आणि रासायनिक प्रक्रियेने लाकडाचा हा कालावधी वाढतो असे गृहीत धरता येत नाही. छताचा प्रत्येक भाग खालच्या मजल्यापासून २० फूट किंवा अधिक उंचीवर असेल तर छताच्या आधारघटकांना संरक्षण देण्याची गरज उरत नाही, कारण तेवढ्या उंचीवर पोहोचेपर्यंत आगीचे उष्ण वायू भोवतालची हवा ओढून घेऊन बरेच निवतात. मात्र दुकाने, मध्यम धोक्याची गोदामे व कारखाने आणि अतिधोकादायक वापराच्या इमारती यांना ही सवलत नाही. तसेच दोनपेक्षा अधिक मजल्यांच्या १-ए इमारतीत सर्वांत वरचा मजला आणि छत यांतील अंतर २० फुटांपेक्षा कमी असेल, तर प्रक्रिया केलेले लाकूडही छतात चालत नाही.

जाड लाकडाची गोष्ट निराळी आहे. जेथे छताला एक तास किंवा त्याहून कमी प्रतिरोध पुरेसा असतो, तेथे ठरावीक किमान जाडीचे, रसायनाशिवायचे भरभक्कम लाकूडही संहिता स्वीकारते, कारण त्याच्या पृष्ठभागावर साचणारा कोळशाचा थर तासाला सुमारे दीड इंच या गतीने आत सरकतो आणि तोवर गाभा भार पेलत राहतो.

प्रक्रिया केलेले लाकूड साध्या लाकडाइतकेच मजबूत असते, हा गैरसमज सर्वांत महागात पडलेला आहे. फॉस्फेटयुक्त रसायने आगीच्या उष्णतेत आम्ल निर्माण करतात, ज्यामुळे लाकूड ज्वलनशील वायू सोडण्याऐवजी पाणी टाकून लवकर कोळसा बनते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पूर्व अमेरिकेतील रांगेतल्या घरांना सामाईक भिंत छताच्या वर काढण्याऐवजी तिच्या दोन्ही बाजूंना छतात अशी प्रक्रिया केलेले प्लायवूड घालण्याची मुभा मिळाली. परंतु उन्हाने तापलेल्या छतांखाली तीच आम्लक्रिया आगीशिवायच सुरू झाली आणि काही वर्षांतच प्लायवूड काळवंडून ठिसूळ झाले. छते चालण्याजोगी राहिली नाहीत, दुरुस्तीचा बोजा घरमालकांवर आला, आणि आगीपासून वाचवण्यासाठी योजलेला उपाय अशा रीतीने उलटावा ही खरोखर खेदाची बाब होती. त्यानंतर उच्च तापमानात ताकद किती घटते हे मोजणाऱ्या एएसटीएम डी ५५१६ सारख्या चाचण्या आल्या. आज उत्पादकाने दिलेले घटीचे गुणक हिशेबात धरूनच अभियंत्याला वासे आणि पाटण यांची मापे ठरवावी लागतात.

छताच्या आच्छादनाचा ए, बी किंवा सी हा दर्जा बाहेरून पडणाऱ्या ठिणग्या व जळत्या तुकड्यांच्या चाचणीवरून ठरतो. खालचे लाकूड प्रक्रिया केलेले आहे एवढ्यावरून आच्छादनाला ए दर्जा लाभत नाही. कामाच्या जागी तर साध्या करवतीनेही पात्रता जाऊ शकते: वासा आडवा कापून लांबी कमी करणे चालते, पण उत्पादकाची संमती नसताना तो उभा चिरल्यास किंवा रंधल्यास कमी रसायन मुरलेला आतला भाग उघडा पडतो आणि ज्या नमुन्यावर मान्यता मिळाली होती, तो नमुना आणि छतावर चढणारी वस्तू एक राहत नाहीत, म्हणूनच तपासनीस प्रत्येक नगावर मान्यताचिन्ह, लाकडाची जात आणि सुकवण्याची पद्धत नोंदवलेला शिक्का शोधतो.