यंत्राची स्मृती आणि तिचे जतन

आपल्या शाळेतून बाहेर पडून आयटीआय केलेले अनेक विद्यार्थी आज औद्योगिक वसाहतींत सीएनसी यंत्रे चालवितात. त्यांपैकी एकजण गतवर्षी भेटावयास आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. दिवाळीच्या सुटीनंतर कारखाना उघडला, यंत्र सुरू केले, तर पडद्यावर केवळ अलार्म उमटत राहिले. यंत्राची स्मृती पुसली गेली होती. दुरुस्तीत चार दिवस गेले आणि ठपका मात्र सर्वांत नव्या कामगारावर, म्हणजे त्याच्यावर आला. मी इतिहासाचा शिक्षक. तरीही या घटनेमागील कार्यकारणभाव समजून घ्यावासा वाटला.

१९५२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत संख्यात्मक नियंत्रणाच्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. त्या काळी यंत्राला द्यावयाच्या आज्ञा छिद्रे पाडलेल्या फितीवर असत. ती फीत कपाटात जपता येई. आजच्या फानुकसारख्या अनेक कंट्रोलमध्ये पॅरामीटर, टूल ऑफसेट इत्यादी माहिती ज्या मेमरीत असते, ती वीज बंद असताना एका लहान लिथियम बॅटरीवर तग धरते. यंत्र जितके दिवस बंद, तितकी बॅटरी खर्ची पडते. दीर्घ सुटीनंतर असे प्रसंग घडतात ते यामुळेच. बॅटरी क्षीण झाली की पडद्यावर ‘बॅट’ अशी अक्षरे लुकलुकतात. ती सूचना दुर्लक्षिण्याजोगी नव्हे.

या माहितीत पॅरामीटर विशेष मोलाचे. एकाच मॉडेलच्या दोन यंत्रांतही ते तंतोतंत सारखे नसतात. बॅकलॅश, बॉलस्क्रूच्या पिचमधील चूक, होम पोझिशन ही मूल्ये त्या त्या यंत्रावर मोजून भरलेली असतात. शेजारच्या यंत्राची मूल्ये उचलून काम भागत नाही.

म्हणून पुढील दक्षता घ्यावी. बॅटरी वर्षातून एकदा, इशाऱ्याची वाट न पाहता बदलावी. अक्षांच्या एन्कोडरची बॅटरी निराळी असते; ती सामान्यतः यंत्राची वीज चालू ठेवून, इमर्जन्सी स्टॉप दाबून बदलतात. पद्धत यंत्रानुसार बदलते. त्यामुळे पुस्तिका वाचून, प्रशिक्षित व्यक्तीनेच हे काम करावे. उन्हाळ्यात इलेक्ट्रिक पॅनेलचे दार उघडून समोर पंखा लावण्याची प्रथा घातक आहे. कूलंटचा तुषार व धातूची धूळ थेट सर्किटवर बसते. त्यापेक्षा पॅनेलचे पंखे आणि फिल्टर नियमित स्वच्छ करावेत.

पॅरामीटर, पीएमसी, पिच कॉम्पेन्सेशन, मॅक्रो, ऑफसेट व प्रोग्राम या सर्वांचा बॅकअप मेमरी कार्डवर घ्यावा. त्यावर यंत्राचा क्रमांक व तारीख लिहावी. एक प्रत यंत्राजवळ, दुसरी कार्यालयात ठेवावी. दुरुस्ती किंवा बदल झाला की नवा बॅकअप घ्यावा, आणि प्रत उघडून वाचता येते की नाही हेही पाहावे.

शेवटी, या प्रत्येक कामाची नोंद वहीत तारीख व स्वाक्षरीसह करावी. बॅटरी कोणी, केव्हा बदलली, इशारा केव्हा दिसला आणि कोणास कळविला, हे लिहिलेले असेल तर दोष कारणावर जातो, दुबळ्या माणसावर नाही. त्या दिवशी माझ्या विद्यार्थ्यापाशी अशी वही नव्हती. यंत्रावर उभ्या असलेल्या आपल्या प्रत्येक मुलामुलीपाशी ती असावी.