अर्ध्या पानाची हकीकत

फॉर्म हातात आला की मी आधी शेवटचं पान उघडते. होय-नाहीच्या चौकोनांपेक्षा तिथल्या अर्ध्या पानात जास्त कळतं. प्रगणकाने घरी बसून आईला नाहीतर आजीला विचारलेलं, तिच्याच बोलीत उतरवलेलं. तीन दिवस ढाळ, वांत्या, अंगावर प्यायचं सोडलं, टाळू खोल गेली, लघवी बंद. मूल दवाखान्यात पोचलंच नाही, म्हणजे केसपेपर नाही. मृत्यूचं कारण ठरवायचं ते एवढ्यावरून. याला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात.

टाळू आणि लघवीचा उल्लेख असला की माझा हात थांबत नाही. ए०९ हा अतिसाराचा कोड लिहून मोकळी होते. पण कितीतरी हकीकती अशा सरळ नसतात. आधी गोवर, तो उतरतोय तोवर जुलाब, शेवटच्या दिवशी धाप. मृत्यू एक, म्हणून मूळ कारणही एकच लिहायचं, आणि साखळी जिथून सुरू झाली ते शोधायचं. इथे गोवर. तोच फॉर्म दुसरा डॉक्टरही वाचत असतो, माझा कोड न पाहता. जुळलं नाही तर एकमेकांचा निष्कर्ष नावाशिवाय वाचून पुन्हा विचार करायचा; तरीही अडलं तर ज्येष्ठ डॉक्टर निकाल देतात. वेळ जातो, पण एकट्याच्या मतावर मुलाचा मृत्यू नोंदवणं मला कधीच पटलेलं नाही.

‘मिलियन डेथ स्टडी’ याच रीतीने झाला. नमुना नोंदणीतली ११ लाख घरं, २००१ ते २००३ मधले मृत्यू. त्यांत १ ते ५९ महिन्यांची १२,२६० मुलं होती. कारणांचं हे प्रमाण देशातल्या एकूण बालमृत्यूंना लावलं, तेव्हा २००५ सालच्या त्या वयाच्या १३.४ लाख मृत्यूंपैकी निम्मे न्यूमोनिया आणि अतिसाराचे निघाले.

त्यातला एक आकडा मला आजही अस्वस्थ करतो. मध्य भारतात दर हजार जन्मांमागे १७.७ मुली अतिसाराने जात होत्या. आपल्या पश्चिम भारतात मुलगे ४.१. नमुन्यामुळे येणारी अनिश्चितता धरली तरी पहिला आकडा १६.२ च्या खाली येत नाही आणि दुसरा ५.५ च्या वर जात नाही. म्हणजे नेमकी हीच गावं निवडली गेली म्हणून फरक दिसला, असं म्हणता येत नाही. तुलनेत प्रदेश आणि मुलगा-मुलगी हे दोन्ही भेद एकत्र आहेत, हे खरं. तरी उपचाराला कोणाला, कधी नेलं, हा प्रश्न टळत नाही. आणि त्याचं उत्तर कोडमध्ये नसतं, हकीकतीत असतं.

म्हणून प्रगणकांच्या प्रशिक्षणात माझा एकच आग्रह असतो: ‘अतिसार झाला’ असं स्वतःच्या मनाने लिहू नका. किती वेळा जुलाब झाले, रक्त पडलं का, पाणी प्यायला दिलं की बंद केलं, कोणाकडे नेलं, कितव्या दिवशी, हे बाई सांगेल तसं लिहा. पान पुरलं नाही तर कागद जोडा.