डिझेलला काय होतंय?

मनमाडजवळच्या पानेवाडीहून निघालेले टँकर धुळे-जळगावच्या पंपांवर येऊन रिकामे होतात. तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पेट्रोल भडकतं, डिझेलला काय होतंय? काडी टाकली तरी विझते."

हे अर्धवट खरं आहे, म्हणूनच घातक. गार डिझेलवर काडी विझेलही. पण आपल्याकडच्या मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असतो. म्हणजे एवढ्या उष्णतेलाही पेट घेण्याजोगी वाफ सुटू शकते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो, तोही सावलीतला. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या टाकीचं काय होत असेल? ६ ऑक्टोबर २०१७ ला मुंबईच्या जवाहर द्वीपावर वीज पडून पेटलेली टाकी डिझेलचीच होती. ती आग तीन दिवस चालली.

दुसरा गैरसमज मला जास्त भीतीदायक वाटतो: "टाकी रिकामी आहे, मार वेल्डिंग." जळतं ते तेल नव्हे, त्याची वाफ. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत हवेला जागाच थोडी. रिकामीत हवा मुबलक आणि तळच्या गाळातून वाफ सुटतच राहते. म्हणूनच १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३७ व्या कलमाने ज्वालाग्राही पदार्थ 'आहे' त्या टाकीइतकंच 'होता' त्या टाकीलाही बंधन घातलं होतं: वाफ पुरती काढल्याशिवाय वेल्डिंग किंवा कटिंग नाही. नाकावर विसंबू नका, गॅस मीटर लावा. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा लावा.

"आग लांब आहे" हाही भरवसा खोटा. ही वाफ हवेपेक्षा जड. गटारातून, खड्ड्यातून सरपटत जाते. जयपूरच्या डेपोत २९ ऑक्टोबर २००९ ला गळलेल्या पेट्रोलची वाफ तासाहून अधिक वेळ पसरत राहिली, मग स्फोट झाला. अकरा जण गेले.

कपडे पेटले तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं. भाजलेल्या जागी टूथपेस्ट, शाई, बर्फ काही नको. वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. सूज चढण्याआधी अंगठी-कडं उतरवा, स्वच्छ कापड सैलसर टाका आणि १०८ ला फोन लावा.