गोड्ड्याची जमीन आणि कोणाचे 'सार्वजनिक' हित?

झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यात कोळशाचा दुष्काळ नाही. ललमटियाची प्रचंड उघडी खाण याच जिल्ह्यात आहे. तरीही येथील अदानी समूहाचे १६०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले ते परदेशी कोळशाच्या हिशेबावर. कोळसा ओडिशाच्या धामरा बंदरात उतरणार, तेथून शेकडो किलोमीटर रेल्वेने येणार, पाणी गंगेचे आणि तयार झालेली सगळी वीज सीमेपलीकडे बांगलादेशात. गोड्ड्याच्या वाट्याला काय? तर जमीन द्यायची आणि राख घ्यायची.

करार २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये झाला, बांगलादेशच्या वीज विकास मंडळाशी, २५ वर्षांसाठी. २०२३ मध्ये दोन्ही संच सुरू झाले. याला 'शेजारधर्म' म्हणून गौरवले गेले. बांगलादेशाशी आमचे भांडण नाही. १९४६ साली बाबासाहेब घटना समितीवर निवडून गेले ते बंगालच्या विधिमंडळातून, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर. तेथील नमोशूद्रांच्या वस्तीत दिवा लागला तर आम्हाला आनंदच आहे. प्रश्न असा की हा शेजारधर्म कोणाच्या शेतावर पाळला गेला?

माली, मोतिया, गंगटा, पटवा ही ती गावे. संथाळ आदिवासी, दलित आणि मागासवर्गीय शेतकऱ्यांची. संथाल परगणा काश्तकारी कायदा, १९४९ येथील जमीन सहजासहजी विकू देत नाही. मग मार्ग काढला गेला तो २०१३ च्या भूसंपादन कायद्याचा. सरकारने 'सार्वजनिक प्रयोजन' म्हणून जमीन घ्यायची आणि कंपनीला द्यायची. खासगी कंपनीसाठी हा कायदा ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती मागतो. ती मिळाली असे सरकार व कंपनी म्हणतात. जनसुनावणीत विरोधकांना आतच येऊ दिले नाही, असे गावकरी म्हणतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मालीत उभ्या भातावर यंत्रे फिरली, तेव्हा संथाळ बायांनी कंपनीच्या माणसांचे पाय धरले. संमती दिलेली माणसे पाय धरत नाहीत. २०१९ मध्ये काही गावकरी झारखंड उच्च न्यायालयात गेले.

वकील म्हणून आम्हाला 'सार्वजनिक' हाच शब्द सर्वांत जास्त खुपतो. ज्या केंद्राची सर्व वीज देशाबाहेर जाणार, त्यातले सार्वजनिक कोण? झारखंडच्या धोरणात अशा प्रकल्पांतील २५ टक्के वीज राज्याला मिळावी अशी अट होती. २०१६ मध्ये धोरण बदलले आणि हा वाटा कंपनीने दुसऱ्या केंद्रातून दिला तरी चालेल असे ठरले. २०१९ मध्ये प्रकल्पाला विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळून करांच्या सवलतीही पदरात पडल्या. झारखंडच्या खेड्यांत वीज किती तास असते, हे तेथे जाऊन आलेल्या कोणालाही विचारावे.

पलीकडची जनता तरी खूश आहे का? मुळीच नाही. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे मोजायचे, असे कलम त्यांच्या माथी मारलेले आहे आणि करार बराच काळ त्यांच्या जनतेपासूनही दडवलेला होता. थकबाकीवरून २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पुरवठा निम्म्यावर आला. याच बांगलादेशात दिनाजपूरच्या फुलबाडीत २६ ऑगस्ट २००६ रोजी परकीय कंपनीच्या उघड्या कोळसा खाणीविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर आले, गोळीबारात तिघे मेले, पण खाण झाली नाही. त्या मोर्चात संथाळही होते. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच समाज आणि एकच लढाई. फक्त वर्तमानपत्रे ती जोडून छापत नाहीत.

१९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना वीज आणि पाणी हे बाबासाहेबांचेच खाते होते. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या हातून आकाराला आली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्याच मालकीचे असावेत अशी घटनात्मक तरतूद सुचवली. पुढे मैथन, पंचेतच्या धरणांत संथाळांचीच गावे बुडाली, हेही आपण बोलले पाहिजे. ते झाकून खासगीकरणावर टीका केली तर गोड्ड्याचा आदिवासी आपल्यावर विश्वास का ठेवील? पण निदान दामोदरची वीज कोणा एका घराण्याच्या ताळेबंदात जमा होत नव्हती.

आता ताजी गोष्ट. ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना ढाक्यातून परागंदा झाल्या. त्यानंतर अवघ्या सात दिवसांत, १२ ऑगस्टला, दिल्लीच्या ऊर्जा मंत्रालयाने नियम बदलला : केवळ निर्यातीसाठी असलेल्या केंद्राला अडचणीच्या वेळी भारतातही वीज विकता येईल. गावकऱ्यांना वर्षानुवर्षे तारखा आणि कंपनीला आठवड्यात सोय! २०१३ च्या कायद्याचे कलम ९९ सांगते की ज्या प्रयोजनासाठी जमीन घेतली ते बदलता येणार नाही. सरकारी वकील म्हणतील, वीजनिर्मिती तीच आहे, बदलला तो ग्राहक. मग जमीन घेताना कागदोपत्री प्रयोजन नेमके काय लिहिले होते आणि ग्रामसभेला काय वाचून दाखवले होते, ते दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून न्यायालयात वाचले जावेत, एवढीच आमची मागणी आहे.