मुक्या नाटकाला वाचा फुटते तेव्हा

पँटोमाइम म्हटले की मराठी नाट्यरसिकाच्या डोळ्यांसमोर पांढरा रंग फासलेला चेहरा येतो. नसलेल्या भिंतीला टेकलेले तळहात, नसलेला दोर ओढणारे खांदे आणि शब्द एकही नाही. फ्रान्सच्या मार्सेल मार्सोने 1947 मध्ये ‘बिप’ हे पात्र उभे केले आणि हीच प्रतिमा जगभर रुजली. लंडनच्या शाळकरी पोराला मात्र ‘पँटो’ला नेतो म्हटले, तर तो आधी घसा साफ करील. तिथला पँटोमाइम म्हणजे नाताळच्या हंगामातले गाण्यांचे, कोट्यांचे आणि आरडाओरड्याचे नाटक. ‘सिंडरेला’, ‘अलादीन’ अशा घरोघरी ठाऊक असलेल्या गोष्टी आणि प्रेक्षागृहात आजीपासून नातवापर्यंत सगळे कुटुंब. एकाच नावाखाली मौन आणि कल्ला कसे आले, याचे उत्तर शब्दकोशापेक्षा कायद्याच्या इतिहासात सापडते.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सगळ्यांची नक्कल करणारा. ऑगस्टसच्या रोममध्ये सिलिशियाचा पायलेडीज आणि अलेक्झांड्रियाचा बाथिलस यांनी ही कला गाजवली. मुखवटा चढवलेला एकच नर्तक कथेतली सगळी पात्रे वठवी. गाणे वृंदाकडे असे. त्या मुखवट्याचे ओठही मिटलेले असत. प्रेक्षक मात्र गप्प बसणारे नव्हते. हुर्यो उडवणाऱ्या एका प्रेक्षकाकडे पायलेडीजने बोट दाखवले, म्हणून ऑगस्टसने त्याला हद्दपार केल्याची नोंद सुएटोनियसने केली आहे.

हे नाव लंडनच्या रंगमंचावर रुळले ते अठराव्या शतकात. 1717 मध्ये जॉन वीव्हर या नृत्यगुरूने ड्रुरी लेनला रोमन धर्तीवरचे नृत्यनाट्य केले. त्याच सुमारास जॉन रिच इटालियन ‘कोमेदिया देल्लार्ते’तला हार्लेक्विन एक शब्दही न बोलता रंगवू लागला. लंडनमध्ये संवादी नाटक करण्याचा हक्क राजसनद असलेल्या मोजक्या नाट्यगृहांपुरता होता आणि 1737 च्या कायद्याने हा फास आणखी आवळला. बाकीच्यांच्या वाट्याला नाच, गाणी, कसरती आणि मूकाभिनय. कथानक कळावे म्हणून नट मजकूर लिहिलेले फलक उलगडून दाखवत. पँटोमाइम या कुंपणाबाहेर फोफावला आणि गल्ला भरतो हे दिसल्यावर सनदवाल्यांनीही तो सोडला नाही.

त्याचा सम्राट जोसेफ ग्रिमाल्डी (1778–1837). सॅडलर्स वेल्सला वाढलेल्या या विदूषकाने 29 डिसेंबर 1806 रोजी कव्हेंट गार्डनला ‘हार्लेक्विन अँड मदर गूज’ गाजवले. पांढऱ्या चेहऱ्यावर लाल ठसे ही विदूषकाची रंगभूषा त्याने रूढ केली. इंग्रजीत विदूषकाला आजही ‘जोई’ म्हणतात, ते याच जोसेफवरून. उड्या आणि आपटण्यांनी शरीर इतके झिजले, की 1828 मध्ये त्याला रंगमंचाचा निरोप घ्यावा लागला.

1843 च्या कायद्याने सनदवाल्यांची मक्तेदारी संपवली आणि पँटोमाइमला वाचा फुटली. यमके, कोट्या, चालू घडामोडींवरचे टोले यांनी मूकनाट्याला शेवटच्या प्रवेशापर्यंत रेटले. एच. जे. बायरनच्या 1861 च्या ‘अलादीन’मध्ये नायकाच्या धोबीण आईला एका चिनी चहाचे नाव मिळाले: ट्वँकी. 1879 मध्ये ड्रुरी लेनचा कारभार हाती घेणाऱ्या ऑगस्टस हॅरिसने म्युझिक हॉलचे लोकप्रिय कलावंत आणले. त्यांतल्या डॅन लीनोने ‘डेम’, म्हणजे पुरुषाने रंगवलेली प्रौढ बाई, अजरामर केली. तरुण नायक मात्र मुलगीच करी.

डेम समजून घ्यायला तमाशातल्या गौळणीतली मावशी आठवावी. बालगंधर्व रंगमंचावर आले की पुरुष आहेत याचा विसर पडे. मावशीला आणि डेमला तो विसर पडूच द्यायचा नसतो.

प्रेक्षकांचे संवादही ठरलेले. खलनायक शिरला की हुर्यो. तो नायकाच्या पाठीशी आला की “तुमच्या मागे!” नट म्हणतो, “नाहीच मुळी!” आणि प्रेक्षक ओरडतात, “आहेच मुळी!” रोममध्ये जी हुर्यो नटाच्या हद्दपारीला निमित्त झाली, ती इथे खलनायकाची कमाई आहे.

हाच अर्थ ब्रिटिशांच्या रोजच्या बोलण्यात उतरला आहे. मैदानावर ज्याची गंमत म्हणून हुर्यो उडते तो फुटबॉलपटू ‘पँटोमाइम व्हिलन’, आणि संसदेतला ठरावीक गदारोळ नुसता ‘पँटोमाइम’. अमेरिकी इंग्रजीत आणि मराठीत मूकाभिनयाचा अर्थ टिकला. दोन्ही अर्थ एकाच कलावंताच्या आयुष्यात भेटतात: 1900 च्या नाताळात लंडन हिप्पोड्रोमच्या ‘सिंडरेला’त मांजर झालेला अकरा वर्षांचा पोरगा म्हणजे पुढे मूकपटांचा बादशहा झालेला चार्ली चॅप्लिन.

इयान मॅकेलनसारख्या शेक्सपिअर गाजवलेल्या नटानेही 2004 मध्ये ओल्ड व्हिक नाट्यगृहात ट्वँकी साकारली, यावरून या प्रकाराची पत कळावी. तिथल्या अनेक छोट्या शहरांतल्या नाट्यगृहांचा वर्षाचा ताळेबंद आजही पँटोच सावरतो. मुलाने आयुष्यात पाहिलेले पहिले नाटकही बहुधा हेच असते. तेव्हा याला पोरखेळ म्हणून बाजूला सारू नये. डिसेंबरात ब्रिटनला गेलात तर एक प्रयोग जरूर पाहा, आणि मराठी सभ्यतेपायी गप्प मात्र बसू नका.