लेओव्हर नऊ तासांचा, बॅटरी ३१ टक्के

ज्यांना हेडफोन लावायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना मारलेली थोडी पाल्हाळ कापली आहे, बाकी सगळं तसंच.

आजचा विषय अगदी साधा वाटेल. एअरपोर्टवर लेओव्हर असताना फोन, लॅपटॉप, इअरबड्स चार्ज कसे ठेवायचे? तुम्ही म्हणाल, ह्यात काय सांगायचं, सॉकेट शोधायचा आणि लावायचा. मलाही तसंच वाटायचं. मी बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो, घरातल्या सगळ्यांचे फोन मीच सेट करून देतो. आणि तरीही माझ्याच चुकांमुळे माझी आई दोहाच्या एअरपोर्टवर चार तास संपर्काबाहेर होती.

झालं असं. ताईचं बाळंतपण होतं, शिकागोला. आई पहिल्यांदाच परदेशी निघाली, तीही एकटी. नाशिकहून गाडीने मुंबई, मुंबई ते दोहा, तिथे नऊ तास थांबायचं आणि मग पुढे चौदा-पंधरा तासांचं विमान. मी म्हटलं, "आई, तू काही काळजी करू नकोस, मी सगळं पॅक करतो." तिच्यासाठी मी ३०,००० एमएएचची भलीमोठी पॉवर बँक आणली आणि जड आहे म्हणून मोठ्या बॅगेत टाकली. चेक-इनच्या बॅगेत!

मुंबईला तिला बोलावून बॅग उघडायला लावली. पॉवर बँक बाहेर निघाली. आई म्हणाली, मग हातातल्या बॅगेत ठेवते. तर तेही चालेना. ती तिथेच राहिली.

पॉवर बँकेचा आकडा नीट वाचा

इथे माझ्या दोन चुका होत्या. पहिली म्हणजे, पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही. आत लिथियमची बॅटरी असते. ती पेटली तर केबिनमध्ये कोणाला तरी दिसते, विझवता येते. खाली सामानाच्या कप्प्यात पेटली तर पत्ताच लागत नाही. हा नियम जगभर आहे.

दुसरी चूक आकाराची. विमान कंपन्या एमएएच मोजत नाहीत, वॅट-अवर मोजतात. हिशोब सोपा आहे: एमएएचला १००० ने भागा आणि ३.७ ने गुणा, कारण आतल्या सेलचा व्होल्टेज साधारण ३.७ असतो. १०,००० ची पॉवर बँक म्हणजे ३७ वॅट-अवर. २०,००० ची म्हणजे ७४. मर्यादा आहे १०० वॅट-अवर, म्हणजे साधारण २७,००० एमएएच. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते. माझी ३०,००० ची म्हणजे १११ वॅट-अवर. "मोठी घेतली की झालं" ह्या हिशोबात मी सरळ मर्यादेबाहेर गेलो होतो.

लेबलवर हा आकडा छोट्या अक्षरांत छापलेला असतो. तो पुसला गेला असेल तर सिक्युरिटीवर वाद घालत बसावं लागतं. त्यामुळे लेबल खरडलेली जुनी पॉवर बँक प्रवासाला नेऊ नका.

अजून एक गोष्ट, ही गेल्या काही काळात बदललीये. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानजवळच्या विमानतळावर एअर बुसानचं एक विमान उड्डाणाआधीच पेटलं. सगळे लोक बाहेर पडले, पण आगीचं कारण म्हणून तपासात पॉवर बँकेकडे बोट गेलं. त्यानंतर नियम कडक व्हायला लागले. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँकेने फोन चार्ज करणं बंद केलं. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रत्येकी एकच पॉवर बँक, तीही १०० वॅट-अवरच्या आतली आणि विमानात वापरायची नाही, असा नियम केला. म्हणजे "विमानात बसल्यावर पॉवर बँकेने करू चार्ज" हा प्लॅन आता धरून चालू नका. पॉवर बँक वापरायची जागा म्हणजे लेओव्हर. तिकीट काढलं की आपल्या एअरलाइनचा नियम एकदा वाचा.

सॉकेट समोर आहे, पण पिन जात नाही

आई दोहाला उतरली तेव्हा फोन ३१ टक्के. वाय-फाय लागलं, आणि तिने आनंदाने मला व्हिडिओ कॉल केला. "अरे, हे बघ केवढं मोठं आहे! हे बघ दुकानं!" मीही दाखव दाखव करत अर्धा तास बोलत बसलो. फोन १४ वर आला. मग तिने चार्जर काढला आणि मेसेज केला, "चार्जर बसत नाहीये रे." त्यानंतर माझ्या प्रत्येक मेसेजला एकच टिक.

का बसत नव्हता? कतार, यूएई, सिंगापूर, ब्रिटन इथे टाइप जी सॉकेट असतो, तीन चौकोनी भोकांचा. आपल्या फोनच्या चार्जरला असतात दोन गोल पिना. भोकं चौकोनी आहेतच, पण त्या सॉकेटच्या आत झडपाही असतात. वरच्या भोकात अर्थची लांब पिन गेली की खालच्या दोन भोकांच्या झडपा उघडतात. लहान मुलांनी काही खुपसू नये म्हणून ती सोय आहे. आपल्या चार्जरला अर्थची पिनच नाही, तर झडप उघडणार कशी? काही लोक वरच्या भोकात पेन खुपसून उघडतात. प्लीज, असं करू नका. पिन सैल बसते, ठिणग्या उडतात, आणि तुम्ही परक्या देशात आहात.

उपाय आहे एक छोटा अडॅप्टर. युरोपात, म्हणजे फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला आपला दोन पिनांचा चार्जर बहुतेक वेळा तसाच बसतो. अमेरिकेत दोन चपट्या पिना लागतात आणि व्होल्टेज १२० असतो. व्होल्टेजची काळजी फारशी नको. चार्जरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल, तर तो सगळीकडे चालतो. लॅपटॉपच्या चार्जरवरही हे बघून घ्या.

मग खुर्चीजवळच्या यूएसबीला लावायचं ना! आईनेही तो प्रयत्न केला. पण खुर्चीतला पोर्ट होता जुना, रुंद, टाइप ए. आणि मी दिलेली केबल दोन्ही बाजूंनी टाइप सी. इथे दोष फक्त माझा. शंभर-दीडशे रुपयांची ए-टू-सी केबल सोबत टाकली असती, तर हा भाग रेकॉर्ड करायची वेळ आली नसती.

टक्के सोडा, वॅट बघा

समजा केबल असती. तरी काय झालं असतं? हे बघा.

५००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॅट-अवर ऊर्जा मावते. जुन्या साध्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्ट, अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॅट. १९ भागिले अडीच, वर थोडी ऊर्जा वाया जाते ती धरा, म्हणजे पूर्ण चार्जला आठ-नऊ तास. आणि तेवढ्यात तुम्ही रील्स बघत असाल, तर टक्का वाढण्याऐवजी कमीही होऊ शकतो. १० वॅटच्या पोर्टवर दोन-अडीच तास. तुमच्या स्वतःच्या २५ वॅटच्या चार्जरने अर्धा फोन साधारण अर्ध्या तासात. म्हणून भिंतीतला सॉकेट आणि आपला चार्जर ही पहिली पसंती. खुर्चीतलं यूएसबी नाइलाज म्हणून.

लिथियम बॅटरीची अजून एक सवय आहे. ती ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते, मग हळू होते. पाण्याची बादली काठोकाठ यायला लागली की आपण नळ बारीक करतो ना, तसं चार्जिंग सर्किट करंट कमी करत जातं. त्यामुळे सॉकेट एक आणि डिव्हाइस तीन असतील, तर १०० ची वाट बघू नका. फोन ८० ला काढा, पॉवर बँक लावा. लॅपटॉप सगळ्यात शेवटी.

आणि हो, लॅपटॉप हीसुद्धा एक पॉवर बँकच आहे. ५० वॅट-अवरच्या लॅपटॉपमधून फोन एक-दोनदा सहज भरतो. सॉकेट मिळालाच नाही, तर लॅपटॉपवर सिनेमा बघण्यापेक्षा त्यातून फोन जगवा.

पॉवर बँकेबद्दल एक भ्रम काढून टाका. १०,००० ची आहे म्हणजे ५००० चा फोन दोनदा भरेल असं होत नाही. आतला ३.७ व्होल्ट वाढवून ५ करताना आणि पुढे फोनमध्ये जाताना बरीच ऊर्जा उष्णता होऊन जाते. एकदा पूर्ण आणि वर थोडंसं, एवढंच धरा. एका लेओव्हरला तेवढं पुरतं.

पब्लिक यूएसबीमधून डेटा चोरतात का?

हा प्रश्न इनबॉक्समध्ये नेहमी येतो. ह्याला ज्यूस जॅकिंग म्हणतात. यूएसबी केबलमध्ये वीज आणि डेटा दोन्हीच्या तारा असतात, म्हणून तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे. २०२३ मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर ऑफिसने ह्याबद्दल सावध केलं आणि तो मेसेज सगळीकडे फिरला. घाबरून फोन बंद पडू देण्याची गरज नाही. फोन लॉक ठेवा. "ह्या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का" किंवा "डेटा ट्रान्सफर" असं काही विचारलं तर नाही म्हणा. तुमचा चार्जर भिंतीतल्या सॉकेटला लावला, तर हा प्रश्नच येत नाही. तिथून फक्त वीज येते.

आईचं पुढे काय झालं

चार तासांनी दोन निळ्या टिका दिसल्या. एका दुकानाच्या काउंटरवर केरळचा एक मुलगा होता. आईने हिंदीत विचारलं, त्याने फोन घेतला, स्वतःच्या चार्जरला लावला आणि "बैठो अम्मा" म्हणाला. पंचवीस मिनिटांत फोन ४० च्या वर.

हे किती महत्त्वाचं होतं ते नंतर कळलं. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांसाठी गेटजवळ वेगळी तपासणी होते. २०१४ पासून तिथल्या टीएसएचा नियम आहे की काही परदेशी विमानतळांवर तुमचं डिव्हाइस चालू करून दाखवायला सांगू शकतात, आणि चालू झालं नाही तर ते विमानात नेता येत नाही. आईच्या पुढच्या बाईंना टॅब चालू करून दाखवायला लावला. आईचा फोन बंद असता तर? तिच्याकडे ताईचा पत्ता फक्त फोनमध्ये होता. तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनवाल्यांनी पत्ता विचारला, तो तिने त्याच फोनमधून दाखवला.

तर मंडळी, तुमच्यासाठी, आणि त्याहून जास्त तुमच्या आई-बाबांसाठी, ही छोटी यादी:

- हातातल्या बॅगेत १०,००० ची पॉवर बँक, पूर्ण भरलेली, लेबल दिसणारी.
- जिथे थांबायचंय त्या देशाचा अडॅप्टर.
- फोनचा मूळ चार्जर, एक सी-टू-सी आणि एक ए-टू-सी केबल.
- उतरल्या उतरल्या आधी चार्जिंग, मग व्हिडिओ कॉल. फोन चार्ज होत असताना एअरप्लेन मोड आणि फक्त वाय-फाय चालू.
- बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट. आणि पत्ता, दोन फोन नंबर, पुढच्या विमानाचा नंबर कागदावर.

तो कागद सगळ्यात स्वस्त आणि त्याला चार्जिंग लागत नाही. परत येताना आईने तो स्वतःच लिहून पर्समध्ये ठेवला होता. अडॅप्टरही तिनेच ताईकडून मागून घेतला. दोहाहून मला मेसेज आला, "८२ टक्के आहे. आता व्हिडिओ कॉल करू का?"

तुमचा लेओव्हरचा किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूया!