दोन महिने थांबलेलं शिंगरू

आमच्या लहानपणी स्टेशनवरून शहागंजला यायचं म्हणजे टांगा. अब्बांच्या ओळखीचे एक टांगेवाले चाचा होते आणि त्यांची एक करडी घोडी होती. समोर बँड वाजो की मागून ट्रक हॉर्न मारो, ती बिचकायची नाही. ती मेली, तेव्हा चाचा म्हणाले, हिचं एक तरी शिंगरू ठेवायला हवं होतं. पण ठेवणार कसं? घोडीचा गाभणकाळ अकरा महिन्यांचा. शेवटचे महिने आणि पुढे शिंगरू पीत असेपर्यंत टांगा बंद. टांगा बंद म्हणजे चूल बंद. घोडी जितकी गुणी, तितकी कामाची, आणि म्हणूनच तिला विऊ देणं परवडत नाही.

४ ऑक्टोबर २०२४ रोजी बिकानेरला जन्मलेल्या एका शिंगराची बातमी वाचली, तेव्हा मला ही घोडी आठवली. राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राच्या तिथल्या शाखेत जन्मलेल्या या वीस किलो वजनाच्या शिंगराचं नाव ठेवलं ‘राज-शीतल’. शीतल अशासाठी, की आईच्या पोटातून निघून दाईच्या पोटात जाण्याआधी ते दोन महिने द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला थांबलं होतं. गोठवलेल्या भ्रूणापासून जन्मलेलं हे देशातलं पहिलं शिंगरू.

मंडळी, यातला पहिला भाग तसा सोपा आहे. फळलेलं बीज सहाव्या दिवसाच्या सुमारास घोडीच्या गर्भपिशवीत उतरतं. सातव्या-आठव्या दिवशी नळीने कोमट द्रावण सोडून पिशवी धुतात, ते द्रावण बारीक गाळणीतून गाळतात आणि मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा तो भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली शोधतात. चिरफाड नाही. मग तो दुसऱ्या घोडीच्या, म्हणजे दाईच्या पिशवीत सोडतात. बिकानेरला याच रीतीने, न गोठवता, १९ मे २०२३ रोजी ‘राज-प्रथमा’ हे मारवाडी शिंगरू जन्मलं होतं.

अडचण अशी, की दाईचा माज आईच्या माजाशी जवळजवळ जुळलेला हवा. नेमक्या त्या दिवशी तयार दाई नसेल तर भ्रूण वाया. आणि तो बहुधा एकच असतो. गाईला इंजेक्शनं देऊन एका वेळी बरीच बीजं मिळवता येतात. घोडी त्या औषधांना फारशी दाद देत नाही. म्हणून थांबवून ठेवण्याची सोय हवी.

पशुवैद्यकीय दवाखान्यातला तो पिंप आपण पाहिलेला असतो. झाकण उघडलं की पांढरा धूर निघतो आणि आत वळूचं वीर्य असतं. मग भ्रूण ठेवायला काय हरकत? हरकत पाण्याची आहे. पाणी गोठताना त्याचे टोकदार खडे होतात आणि ते पेशी फाडतात. साखरेचा पाक सावकाश निवू दिला तर दोऱ्यावर खडीसाखर धरते. तोच पाक खूप आटवून चिक्कीसाठी ताटात पातळ पसरला, तर खडे धरायला वेळच मिळत नाही, तो काचेसारखा राहतो. भ्रूणाचंही तेच करतात. एथिलीन ग्लायकॉलसारख्या (मोटारीच्या कूलंटमध्ये असतं तेच) दाट द्रावणात त्याला अगदी थोडा वेळ बुडवायचं, कारण जास्त वेळ राहिलं तर ते विषच. आणि लगेच नायट्रोजनमध्ये टाकायचं.

घोड्याच्या भ्रूणाची आणखी दोन दुखणी आहेत. गर्भपिशवीत उतरताच त्याच्याभोवती एक चिवट वेष्टन तयार होतं, ते हे द्रावण सहज आत जाऊ देत नाही. शिवाय आत पाण्याची पोकळी झपाट्याने फुगते. भ्रूण जितका मोठा, तितकं गोठवणं अवघड. म्हणून मोठ्या भ्रूणाला अतिसूक्ष्म सुईने टोचून आतलं पाणी आधी काढण्याची युक्ती निघाली. उंदराचे गोठवलेले भ्रूण १९७२ मध्ये जगले, ‘फ्रॉस्टी’ नावाचं वासरू १९७३ मध्ये झालं. शिंगराचं यश जपानमधून आलं ते १९८२ मध्ये.

वितळवणं तर जास्तच नाजूक. सावकाश वितळवलं तर वाटेतच खडे धरतात, म्हणून झटकन ऊब द्यायची. पण थेट साध्या द्रावणात सोडलं तर पेशी भसकन पाणी पितात आणि फुटतात. म्हणून आधी साखरेच्या दाट द्रावणात, मग पातळ द्रावणात, असं पायरीपायरीने. उपास सोडताना आपण एकदम ताटावर तुटून पडत नाही, तसंच.

शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांना हे लागू नाही. त्यांच्या नोंदवहीत अशा रीतीने झालेलं शिंगरू घेतच नाहीत. गरज आहे ती देशी जातींना. आपल्या भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता अगदी अलीकडे मिळाली, देशातली आठवी. आपल्या राज्यगीतात जिच्या तट्टांचा उल्लेख आहे, ती ही जात. उरलेली घोडी पाच हजारांच्या आसपास, त्यातली पुष्कळशी मेंढपाळांकडे, पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालणारी.

राज-शीतल जन्मली तेव्हा बिकानेरला मारवाडीचे २० आणि लडाखच्या झंस्करीचे ३ भ्रूण गोठवून झाले होते. पण तिथल्या घोड्या तबेल्यात असतात. बीज कोणत्या दिवशी सुटलं हे सोनोग्राफीने पाहायचं, तेव्हा कुठे तो सातवा-आठवा दिवस मोजता येतो. धनगराची घोडी आज या शिवारात, आठवड्याने पुढच्या तालुक्यात. तिच्यासाठी कोणाला तरी यंत्र आणि नायट्रोजनचा पिंप गाडीत घालून वाड्यामागे फिरावं लागेल.